सुनंदाबाईंचा डबा

सुनंदाबाईंनी नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज आलोशियस सरांच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर स्टेपलर ठेवला. सरांनी अर्ज वाचलाच नाही. ड्रॉवरमधून सुकेळ्यांचा पुडा काढून त्यांच्यापुढे सरकवला.

“घ्या, तुमच्याच वाडीतली केळी, सुकवलेली. सोमवारी श्रीरंगराव येऊन गेले.”

“हे? इथे, कामणला?”

“हो ना. म्हणाले, ती स्वतः सांगायची नाही, पण थकलीय. अठ्ठावन्न पूर्ण झाली की सोडा तिला. मी वर कळवून टाकलं. एक तारखेला नवीन मुलगी येतेय तुमच्या जागेवर. नशीबवान आहात हो, बाई.”

सुनंदाबाईंनी एक सुकेळं तोंडात टाकलं. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि गोदामात बावीस वर्षं त्यांनी घरातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

तसे नवरा-बायको बोलत. दूध आलं, गॅस संपला, एवढं. मुलीच्या, रेवाच्या लग्नाआधी सुनंदाबाई वकिलाकडेही जाऊन आल्या होत्या. मग लग्न होऊ दे, बाळंतपण होऊ दे, करता करता घटस्फोट राहूनच गेला. त्यांनी सेकंड शिफ्ट मागून घेतली. श्रीरंगराव रिटायर होऊन घरी बसले, संध्याकाळचे तेवढे बाहेर जायला लागले, तशी सकाळची घेतली. संसार टिकला तो शिफ्टच्या जिवावर. रविवार तेवढा जड जायचा, आणि आता एक तारखेपासून रोजच रविवार.

घरी जायला उमेळ्याला उतरेपर्यंत त्यांनी मनात चांगलं कडक भांडण तयार ठेवलं होतं.

श्रीरंगराव ओटीवर इस्त्री करत होते. गुडघ्याला पट्टा, समोर निळा शर्ट, खांद्यावर फीत असलेला.

“माझी नोकरी सोडवायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

“घर टाळायला अजून किती वर्षं कामणला जाशील?” ते शर्टाकडे बघत म्हणाले. “मला राजोडीला रिसॉर्टच्या गेटवर वॉचमनची जागा मिळालीय. एक तारखेपासून. सात ते सात. रविवारीसुद्धा.”

म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. इतकी वर्षं. सुनंदाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी बारा तास उभं राहू नका, असं सांगायला तोंड उघडलं, पण तसलं काही बोलायची सवयच उरली नव्हती. ‘बरं झालं’ तर मुळीच म्हणवेना. त्यांनी पर्समधून डबा काढला आणि धुवायला निघाल्या.

श्रीरंगरावांनी हात पुढे केला.

“हाच नेईन मी. तुला आता लागणार नाही.”

सुनंदाबाईंनी डबा दिला. मग म्हणाल्या,

“झाकण सैल झालंय. आमटी असली की सरळ धरावा लागतो.”