होडीच्या टोकावरचा रहाट

मी एक जुना रहाट आहे, विहिरीवरचं दोर ओढायचं चाक. छबूबाई वारल्याचा फोन नगरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी गोठ्यात खुंटीला टांगलेला होतो. फोन सुनेनं, राजनंदिनीनं घेतला. छबूबाईंचे नवरे, सहादेव तात्या, म्हशीला पेंड घालत होते. "मामा, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली. म्हशीचं खाणं होईपर्यंत तात्या घमेलं धरून तसेच उभे राहिले.

मित्रांनो, माझा जन्म संगमनेरचा. वितळलेलं बीडाचं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं आणि लोखंडी चौकटीत बसवून छबूबाईंच्या विहिरीवर टांगलं. त्या पाणी शेंदायच्या आणि मी फिरायचो. "आमचा रहाट कधी करकरत न्हाई," असं त्या शेजारणींना ऐकवायच्या. का करकरेल? तेल त्या स्वतः घालायच्या. पुढे मोटार आली, नळ आला आणि मी खुंटीवर गेलो. गंज चढला. कोणी मला वाईट वागवलं नाही, फक्त माझं काम उरलं नाही.

आमचं घर भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी. डोंगरात भाताची शेती, जोडीला धरणात मासेमारी. होडीवर दोघं असायची. तात्या मधल्या फळीवर बसून वल्ही मारायचे. छबूबाई टोकाशी बसून नांगर सोडायच्या आणि ओढायच्या. नांगर म्हणजे होडी जागेवर धरून ठेवणारं, दोराला बांधलेलं जड लोखंड. आता तात्या एकटे टोकाशी गेले, की वल्ही सुटायची आणि वारा होडी फिरवायचा.

"होडी इकून टाकू, तात्या," मुलगा सुनील म्हणाला. "एकट्याचं काम न्हाई त्ये."

"एकट्याचं करतो की," तात्या म्हणाले. टोकावर चाक असेल तर दोर मधल्या फळीवरूनच ओढता येईल, हे त्यांनी मनात जुळवलं होतं. त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

राजूरचा वेल्डर अजिनाथ मला बघून हसला. "हिरीचा रहाट होडीला? मंग पोहरा बी बांधा की तात्या!"

"बांधीन. तू आधी गंज काढ."

चौकटीला खाली जाड पट्टी जोडली गेली. होडीच्या टोकाच्या लाकडात भोकं पाडली. पाणी मुरून लाकूड कुजू नये म्हणून तात्यांनी भोकांत डांबर भरलं. खालून लोखंडी पत्रा दिला, म्हणजे ओढ बसली तरी बोल्ट लाकूड फाडून निघणार नाहीत. मला टोकाच्या वीतभर पुढे ठेवलं, म्हणजे वर येणारा नांगर होडीवर आपटणार नाही. मी खूश होतो. फिरणं मला शिकवावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. नांगर छान गेला, पण वारा सुटला, होडी आडवी झाली आणि दोर माझ्या खाचेतून उडून चौकटीत अडकला. टोक खाली दबलं. पाणी आत येऊ लागलं. काठावरून सुनील ओरडला, "दोर कापा! कापा त्यो!"

तात्यांनी दोर कापला नाही. वल्ही मारून होडी नांगराच्या दिशेनं पुढे नेली. दोर सैल पडला. मग पुढे सरकून हातानं सोडवला.

काठाला लागल्यावर ते सुनीलला म्हणाले, "हिरीत वारा नव्हता. दोर सरळच जायचा. ध्यानातच आलं न्हाई."

"म्हनून म्हनतो, इकून टाका."

"चल, अजिनाथकडं."

अजिनाथनं माझ्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या उंच लोखंडी पट्ट्या जोडल्या आणि वरून आडवी सळई लावली. आता दोर कुठूनही आला तरी माझ्याच खाचेत बसतो. दुसऱ्या दिवशीही वारा होता. तात्यांनी मधल्या फळीवरून नांगर टाकला, जाळं लावलं, नांगर ओढला. मी करकरलो नाही. सुनील नंतर होडी विकायचं बोलला नाही. त्यानं गुपचूप नवा दोर आणून ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू खुंटीला लटकत असेल. भंगारात देण्याआधी ती हातात घेऊन बघा. गंज काढा, तेल घाला. आणि नवं काम देताना, त्या कामाला आणखी काय लागतं तेही बघा.

काठाजवळच्या पाण्यात आमचं काम आता चोख चालतं. मधल्या खोल पाण्यात, जिथे तात्या आणि छबूबाई मिळून नांगर टाकायची, तिथे आम्ही अजून गेलेलो नाही.