रंभाकाकू बसल्या!

“रंभाकाकू, तुम्ही शेवटच्या बसलात कधी?”

विचारलं! माझ्या मैत्रिणींना, स्वप्नाला आणि कार्मिनला, वाटलं होतं मी विचारणारच नाही. दोघींनी एकेका कुल्फीची पैज लावली होती आणि आता त्या कुंपणामागे तोंड दाबून हसत होत्या.

“लगनात. पाटावर,” काकू म्हणाल्या, त्यांच्या जुन्या लुना मोपेडच्या मागे केळीचा घड बांधला आणि भुर्रकन गेल्यासुद्धा.

पैज जिंकले, पण माझा धडा राहिला. लतिका मॅडम विरारला आमचा कॉम्प्युटर क्लास घेतात. या मे महिन्यात त्या इंटरनेटवर मराठी कोर्स काढत होत्या, ‘परसातली बाग’. धडे आम्ही मुलींनी लिहायचे, पण प्रत्येक धड्यावर त्यातल्या जाणकाराची सही हवी. माझ्या वाट्याला केळीचा धडा आला आणि सांडोर गावात केळीची वाडी करणाऱ्या रंभाकाकू. शुक्रवारपर्यंत सही नाही आणली तर मॅडम तो धडा सरळ एखाद्या छापील पुस्तकातून घेणार होत्या, म्हणजे इंटरनेटवर ‘लेखन : संपदा’ येणार नव्हतं. शाळेच्या फळ्यावर नाही हो, अख्ख्या जगात!

बावीस प्रश्नांची यादी घेऊन मी पाच वेळा सांडोरला गेले. काकू कधी भेंडी खुडत असायच्या, कधी पाण्याचा पाट वळवत, कधी कुणाची गाय बघायला निघालेल्या. “नंतर ये गं, बाय.” माझी यादी एकदा तर त्यांनी मिरच्यांखाली अंथरली.

गुरुवारी मी वैतागून सगळा धडा स्वतःच लिहिला. त्यात काय, केळी तर रोज खातो! शुक्रवारी सकाळी लुनाशेजारून धावत धावत मी मोठ्यानं वाचत सुटले, “घड उतरवल्यावर झाडाला पुन्हा खत घालावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच झाडाला दुसरा घड लागतो...”

लुना थांबली. बंदच झाली.

“काय लागतो?”

“दुसरा... घड?”

“अगं, फ्लॅटातली बाय तू! केळ एकदाच वीते! घड उतरला की झाड तोडायचं, मग बाजूचा मुनवा मोठा होतो. तिचं पिल्लू गं! हे तू जगाला सांगनार? माझ्या सहीनं?”

आणि रंभाकाकू बांधावर बसल्या. खरंच बसल्या! चष्मा डोळ्यांवर चढवला, माझं पेन घेतलं. कुंपणामागे कार्मिननं स्वप्नाला असा चिमटा काढला की ती ओरडली.

तेव्हा मला गंमत कळली. विचारलं की काकूंना वेळ नसतो, पण कुणी चुकलं की त्यांना राहवत नाही. पुढच्या चुका मी मुद्दाम केल्या.

“मुनवा रुंद पानांचाच घ्यायचा ना, काकू? दिसायला छान?”

“मेलं! तलवारीसारख्या पानाचा घ्यायचा!”

“आणि सगळेच मुनवे वाढू द्यायचे?”

“एक ठेवायचा! नायतर आईच्या तोंडचं खातील सारे!”

तासाभरात बावीसच्या बावीस उत्तरं मिळाली. सही करून काकू उठल्या, पदर झटकला आणि माझा कान धरला. “शेवटच्या चार चुका मुद्दाम केल्यास ना गं? मला काय कळत नाय? रविवारी ये. आळवाचं पन असंच चुकीचं लिहून आन.”

संध्याकाळी मॅडमनी धडा दोनदा वाचला. बाकी कुणाचे जाणकार बसलेच नव्हते. म्हणाल्या, “संपदा, उरलेले सहा धडे तुझे. दर रविवारी एक.”

घरी पोचले तेव्हा दहावीच्या क्लासचा फॉर्म टेबलावर भरून तयार होता. बॅच रविवारची. बाबा पेपरमागे, आई कुकरपाशी. मी दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“मी ठरवलंय. क्लास शनिवारी करीन, रविवारी सांडोरला जाईन. कोर्स संपेपर्यंत.”

पेपर खाली आला. आईनं गॅस बंद केला.

“आणि हे मी मुद्दाम चुकीचं बोलत नाहीये,” मी म्हटलं.