अकानिसीची कोरी मासी

‘ताईनं ही एकच कोरी का ठेवली?’

साकेनं हे आधी आत्याला विचारलं. मग मुनसामीकाकांना विचारलं. मग दवाखान्यातून पिशवीत परत आलेल्या ताईच्या चपलांकडे बघून विचारलं. मी तिथंच दांडीवर होते, पण मला कोण विचारणार?

ती कोरी म्हणजे मीच. मी मासी बोलतेय. मासी म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. आमच्या फिजीत लग्न असो, बाळाचं कौतुक असो की मयत असो, माझ्या जातीचं कुणीतरी तिथं अंथरलेलं असतंच. त्या सगळ्यांच्या अंगावर नक्षी असते. माझ्या अंगावर नव्हती.

माझा जन्म वातुलेले बेटावरचा. वासेमाथा आत्यानं कोवळ्या झाडांची साल सोलली, शिंपल्यानं खरवडली, पाण्यात भिजवली आणि ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीनं बडवली. अरुंद साल मार खाऊन खाऊन रुंद होते, मऊ होते. असे कितीतरी तुकडे एकमेकांवर ठेवून आत्यानं पुन्हा बडवले, तेव्हा कुठं मी झाले. मग मला गुंडाळून ती बोटीनं राजधानीत, सुवाला घेऊन आली, तिच्या भाचीकडे.

भाचीचं नाव अकानिसी. मासीवर नक्षी छापणं हेच तिचं काम. पूर्वी बायका केळीच्या पानात नक्षी कापायच्या आणि त्या भोकांतून काजळीचा रंग दाबायच्या. आता एक्स-रेच्या जुन्या फिल्म वापरतात. फिल्म भिजत नाही, फाटत नाही. अकानिसीला फिल्मची कधी वाण पडली नाही. तिचं काळीज लहानपणापासून दुखणाईत, त्यामुळे छातीचे फोटो सारखे निघायचे. ‘दुसऱ्याच्या बरगड्या कशाला मागू? घरच्या आहेत की,’ असं म्हणत ती स्वतःच्याच छातीवर पानं-फुलं कापत बसायची.

मला छापायला म्हणून तिनं अंथरलं होतं. रंगही कालवला होता. तेवढ्यात मुनसामीकाका दारात आले. काका बसगाड्यांवर नावं रंगवतात. सुवाच्या निम्म्या गाड्यांच्या कपाळावर त्यांची वळणदार अक्षरं आहेत. त्या दिवशी त्यांनी एका शाळेच्या भंगारातून एक प्रोजेक्टर उचलून आणला होता. खाली दिवा, वर काच. काचेवर जे ठेवाल ते समोर मोठं होऊन दिसतं.

‘पण दाखवू कशावर?’ काका म्हणाले. ‘माझ्या शेडचे पत्रे सगळे नागमोडी. काल माझंच नाव पाडून बघितलं, तर ताप भरल्यासारखं थरथरत होतं.’

अकानिसीनं रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि मला उचललं. ‘आजच्या दिवस हिला लावू.’

तो आजचा दिवस मग संपलाच नाही.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, गाड्या लागल्या की काकांच्या शेडमध्ये मंडळी जमायची. रेवा नदीकाठची कुंभारीण यायची, टी-शर्टवर चित्रं काढणारी पोरं यायची, चटया विणणाऱ्या बायका यायच्या. चटईवर मांडी घालून सगळे बसायचे. मधोमध लाकडी परात, त्यात यंगोना, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं ते मातकट पेय, जे प्यायलं की जीभ जड होते आणि भांडणं विरघळतात. शेजारी उकडलेला कसावा कंद, आणि काकूंनी तळलेले मसाल्याचे वाटाणे.

नियम एकच, तोही अकानिसीचा. करवंटीची वाटी गोल फिरून परातीपाशी परत येईपर्यंत ज्याची पाळी त्यानं बोलायचं. वाटी परत आली की थांबायचं. मग सगळे पोकळ हातानं तीन टाळ्या वाजवणार. काम आवडलं तरी तीन, नाही आवडलं तरी तीन.

माणसांची गंमत मी तिथून बघायचे. काम दाखवायला आलेला माणूस आधी कामाला नावं ठेवतो. ‘हे आपलं सहज केलंय, घाईत झालंय,’ असं म्हणतो. मग काचेवर चित्र ठेवतो, ते माझ्यावर पडतं, आणि तो स्वतःच तोंड उघडं टाकून बघत राहतो. इतकं मोठं त्यानं स्वतःला कधी पाहिलेलंच नसतं.

अकानिसी उंच होती. शिडीवर चढून मला तीच टांगायची, तीच उतरवायची. दर वेळी काका विचारायचे, ‘अगं, हिला छापणार कधी?’ आणि ती म्हणायची, ‘बघू.’

वाइसाके तिचा धाकटा भाऊ. सगळे त्याला साके म्हणतात. शाळा त्याला मानवली नाही. तो याच शेडमध्ये गाड्यांची इंजिनं खोलतो. हात चालू असले की तो सुखी. आणि वस्तू कुठंही टेकवायची त्याची खोड! ग्रीस लागलेला पाना कधी कसाव्याच्या ताटात, कधी काकांच्या ओल्या पाटीवर.

‘साक्या, हातातली वस्तू खाली ठेवताना बघत जा की रे!’ अकानिसी ओरडायची.

‘ठेवायला जागा तरी ठेवता का तुम्ही कलाकार लोक?’

‘तूही बस आज. तुझं काम दाखव.’

‘मी काय दाखवू? जळकं गॅस्किट?’

‘दाखव की. आम्ही तीन टाळ्या वाजवू.’

तो हसायचा आणि गाडीखाली शिरायचा. पण ताईची पाळी आली की गाडीखालची ठोकाठोक बंद व्हायची, हे मला दिसायचं.

मग एका पावसाळी सकाळी अकानिसी दवाखान्यात गेली आणि तिच्या चपला तेवढ्या परत आल्या.

आत्या वातुलेलेहून आली. अकानिसीला चटयांवर आणि मासींवर निजवलं, तिनं स्वतः छापलेल्या मासींवर. आत्या मलाही न्यायला आली होती. साकेनं मला धरून ठेवलं. ‘ही नको. ही तिची पुरी झालेली नाही.’

माती दिल्यावर आमच्यात शंभर रात्रींचा दुखवटा पाळतात. जो तो काहीतरी सोडतो. साकेनं केस कापायचं सोडलं. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. कबरीपाशी उभा राहून, कुणाला न विचारता, तो मोठ्यानं म्हणाला, ‘शंभर रात्री शेडमध्ये कुणी काही दाखवायचं नाही!’

मुनसामीकाका आमच्यातले नाहीत, त्यांचे विधी वेगळे. पण त्यांनी मान खाली घातली आणि प्रोजेक्टरवर पोतं टाकलं.

त्या दिवसांत साकेला अकानिसीच्या टेबलावर तिची शेवटची फिल्म सापडली. बोटाच्या पेराएवढ्या बारीक पाकळ्या, गोलात गोल, दाट. आत्या म्हणाली, ‘फूल आहे कसलं तरी.’ साकेच्या डोक्यात लगेच पक्कं झालं. ताईनं ही नक्षी या कोऱ्या मासीसाठीच कापलीय, आपण छापायची आणि तिचं काम पुरं करायचं.

थांबणं त्याला ठाऊक नाही. त्याच दुपारी मला शेडमध्ये अंथरून त्यानं माझ्या कोपऱ्यावर फिल्म ठेवली आणि इंजिनला तेल घालावं तसा रंग ओतला. फिल्म उचलली तर खाली नुसता काळा गोळा. पाकळी नाही की फूल नाही.

आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘अरे मेल्या, रंग चिमटीनं घेतात! विचारायला तोंड नव्हतं?’

‘विचारतोच तर आहे!’ तो ओरडला. ‘सगळ्यांना विचारतोय, ही कोरी का ठेवली? सांगतंय का कुणी?’ आणि माझ्यावर डोकं टेकून तो असा रडला, की रंगाबरोबर मी तेही प्यायले. साल शेवटी सालच, ओल धरते.

मग तो हट्टालाच पेटला. शंभरावी रात्र उलटली की सगळ्यांसमोर मला पूर्ण छापायचं आणि घरी नेऊन भिंतीवर कायमचं लावायचं. ‘तुम्ही एखादी चादर आणा,’ असं त्यानं काकांना सांगून टाकलं.

‘चादर बाजारात मिळेल रे,’ काका म्हणाले. ‘पण अकानिसीच्या जागेवर चादर टांगून बसणं मला जमायचं नाही. तू ही ने. आम्ही बैठक बंद करतो.’

साकेनं मान फिरवली. पण शब्द मागं घेतला नाही.

दुखवटा फिटला त्या सकाळी आत्यानं त्याचे केस कापले. संध्याकाळी शेड भरली. कुंभारीण आली, पोरं आली, चटईवाल्या बायका आल्या. काहीच दाखवायचं नव्हतं, तरी हात रिकामे ठेवून सगळे आले. साकेनं शिडीवर चढून मला टांगलं, तेही वाकडं. एकट्याला एक हात कमी पडत होता. मी टांगलेली असताना, उभ्यानंच छापणार होता वेडा.

काकांनी सवयीनं पोतं काढलं आणि दिवा लावला. शेवटचा म्हणून लावला असेल.

साकेच्या एका हातात फिल्म, दुसऱ्यात रंगाचा डबा. झाकण घट्ट बसलेलं. दोन्ही हात लागणार होते. त्यानं न बघता, जशी त्याची खोडच आहे, फिल्म जवळ दिसली त्या जागेवर टेकवली.

ती जागा म्हणजे प्रोजेक्टरची काच.

माझ्या अंगभर उजेडाचं फूल उमटलं. काळोख्या फिल्ममधून प्रत्येक कापलेली जागा पांढरी होऊन माझ्यावर पडली, आणि कडेकडेनं अकानिसीच्या बरगड्या, धूसर, होडीच्या फळ्यांसारख्या. आत्यानं तोंडावर हात ठेवला.

साके झाकणाशी झटत होता. सगळे गप्प का म्हणून त्यानं वर पाहिलं.

‘हे...’ तो पुढं आला. ‘हा माझा चौदाचा पाना आहे.’

‘काय?’ काका म्हणाले.

‘पाकळ्या नाहीत काका, माझे पाने आहेत! ही बघा, याची एक बाजू उडालेली आहे. सेरू ड्रायव्हरच्या गाडीवर मोडला होता मी. आणि हा रिंगचा. हा... हा तिनं मागून घेतला होता माझ्याकडून, दोन दिवस दिलाच नाही परत.’

हातभर मोठं झाल्यावरच ते कळत होतं. बोटाच्या पेरावर ते फूल होतं. माझ्यावर ते साकेचं काम होतं, गोलात गोल रचलेलं, त्याच्या ताईच्या छातीतून कापलेलं.

डबा त्याच्या हातातच राहिला. आत्यानं परातीतून वाटी भरली आणि पहिल्या माणसाच्या हातात दिली. वाटी फिरू लागली.

म्हणजे साकेची पाळी सुरू झाली होती.

तो आधी अडखळला. मग बोलला. कुठला पाना कुठं लागतो, कुठला घसरतो, गंजलेला नट आवाजावरून कसा ओळखायचा. माझ्यावर बोट ठेवून ठेवून सांगत होता. त्याच्या हाताची सावली ताईच्या बरगड्यांवरून फिरत होती. वाटी उगाच हळू चालली होती. एका चटईवालीनं तर ती रिकामी वाटी बराच वेळ ओठांना लावून ठेवली. पण शेवटी ती परातीपाशी आलीच.

तीन टाळ्या पडल्या.

‘वेळ संपली मेकॅनिकसाहेब,’ मुनसामीकाका म्हणाले. ‘उचला आपलं सामान. पुढच्यांना जागा द्या.’

साकेनं फिल्म उचलली. मी पुन्हा कोरी झाले. त्यानं एकदा मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डबा, झाकण न उघडताच, खाली ठेवला. ठेवताना खाली बघून ठेवला.

‘मी काही आणलंच नाही रे आज,’ कुंभारीण म्हणाली.

‘मग बांगडी ठेवा काचेवर,’ साके म्हणाला. ‘पण दाखवा काहीतरी.’

त्याचा तो प्रश्न त्यानं पुन्हा कुणाला विचारला नाही. मीही उत्तर देत नाही. आता दर महिन्याला माझ्यावर काहीबाही उमटतं आणि जातं. कोपऱ्यातला काळा गोळा मात्र सगळ्यांच्या चित्रात येतो. ‘साकेचा सूर्य आला बघा,’ म्हणून पोरं हसतात. माझं एवढंच मागणं आहे, तो गोळा कुणी पुसू नका, आणि उरलेली मला कुणी भरून टाकू नका.

साके आता इथं नाही. त्याला मालवाहू बोटीवर इंजिनघरात काम मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी तो एकटाच शेडमध्ये आला. शिडीवर चढायला आता अकानिसी नव्हती, आणि तोही नसणार होता. काकांचे गुडघे गेलेले. मला टांगायचं काम आता सुवातच राहिलेल्या आत्याकडे येणार होतं, आणि ती बुटकी. त्यानं भंगारातल्या बसच्या दोन पुल्या वरच्या तुळईला बसवल्या, त्यांतून दोर ओवला, मला दांडीला बांधलं आणि दोर ओढून बघितला. मी न कुरकुरता वर गेले, सरळ. दोराचं टोक त्यानं खांबाला बांधलं. मग त्यानं गाठ सोडली, आत्याच्या हाताची उंची मनात मोजली आणि तिथंच, थोडी खाली, पुन्हा बांधली.