थॉमसिनच्या पोटातलं मूल

थॉमसिन पेलचं पोट सव्वीस वर्षं उतरलं नाही. पहिल्या कळा आल्या तेव्हा सुईण मीच होते. तीन दिवस कळा आल्या आणि मग एकाएकी थांबल्या. मूल बाहेर आलं नाही आणि पुन्हा हललंही नाही. "पडेल आपोआप," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

पडलं नाही. थॉमसिन मात्र जगली. डेव्हनमधल्या आमच्या गावात नवऱ्याबरोबर, अ‍ॅम्ब्रोजबरोबर, हातमोजे शिवत राहिली. बायका चिडवायच्या, "काय गं, आता दाढी घेऊनच बाहेर येणार वाटतं!" तीही हसायची. घरी मात्र पोटातल्या मुलाला पीटर म्हणायची.

तिला खोकला धरला, त्या वर्षी एक्सेटरहून डॉक्टर हॉट्री आले. अशी नवलं लिहून लंडनच्या विद्वान मंडळींना कळवायचा त्यांना नाद होता. त्यांनी दोरीनं पोट मापलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही गेल्यावर उघडून पाहू द्याल?"

"बघा की. पण बघून झालं की परत ठेवायचं. आम्हा दोघांना एकाच खड्ड्यात पुरायचं."

"शब्द देतो."

फेब्रुवारीत ती गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डॉक्टरांनी तिला उघडलं. अ‍ॅम्ब्रोज बाहेर थांबला, परात मी धरली. आत चुन्यासारखं कडक कवच होतं. ते फोडल्यावर गुडघे पोटाशी घेतलेलं मूल दिसलं. एक कान अगदी जसाच्या तसा होता. मुलगी होती.

मी बाहेर जाऊन सांगितलं. अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "मुलगी? आणि आम्ही इतकी वर्षं..."

"चित्र काढून चार दिवसांत परत पाठवतो," म्हणत डॉक्टरांनी मूल कापडात गुंडाळून नेलं. अ‍ॅम्ब्रोजनं आठ दिवस थॉमसिनला पुरू दिलं नाही. शेवटी पाद्री म्हणाले, "आता पुरे, अ‍ॅम्ब्रोज. वास सुटलाय." आम्ही तिला एकटीला पुरलं.

मी चालत एक्सेटरला गेले. डॉक्टर म्हणाले, "ते लंडनला पाठवलं. असं शंभर वर्षांत एखादं मिळतं, बाई."

"पण तिला शब्द दिला होतात ना?"

"तिला आता काय कळतंय?"

हे ऐकल्यावर पासष्ट वर्षांचा अ‍ॅम्ब्रोज पायी लंडनला निघाला. महिन्यानं परतला तेव्हा बुटांचे तळ गेले होते, पायांना चिंध्या बांधल्या होत्या. मी पेज करून त्याच्यापुढे ठेवली.

"दिसली का?"

"दिसली. त्या विद्वानांकडं कपाटात ठेवलीय, काचेमागं. शेजारी दोन डोक्यांचं कोकरू आहे. मी म्हटलं, मी हिचा बाप. ते म्हणाले, हात लावू नका."

"मग?"

"मग काय? बघत उभा राहिलो. माझ्यामागं आणखी माणसं होती बघायला. सरका म्हणाले, सरकलो."

त्यानं पेज संपवली आणि पायाच्या चिंध्या सोडायला घेतल्या. रक्तानं त्या कातडीला चिकटल्या होत्या. मी कोमट पाणी आणलं.