नबुखद्नेस्सराचं कीर्तन

परळच्या चर्चमध्ये शमुवेलरावांचं कीर्तन म्हटलं की माझगावपासून माणसं यायची. पेटी, तबला, चिपळ्या आणि कथा बायबलातली. गळा तर काय, देवाची देणगी! पण ती देवाची, हे शमुवेलराव हल्ली विसरले होते.

त्या वर्षी त्यांनी नबुखद्नेस्सर राजा लावला. ही थोर बाबेल नगरी मी माझ्या बळावर बांधली, असं तो राजा गर्वानं म्हणाला आणि देवानं त्याला बैलासारखं गवत खायला लावलं. लोक पोट धरून हसले. रंगात आलेल्या शमुवेलरावांनी हातातली चिपळी शेवटच्या बाकाकडे रोखली.

"असले राजे आपल्यातही आहेत बरं का! सरकारशी भांडतात, तुरुंगात जाऊन येतात आणि वर छाती काढून मंडळीत बसतात!"

त्या बाकावर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ रामजी होता. गिरणीत कामाला, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पकडला गेलेला. सगळ्यांच्या माना वळल्या. रामजी उठला, बायकोला, मालनला, "चल" म्हणाला आणि निघून गेला.

पुढे मुंबई महाराष्ट्राला मिळाली. चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत देवाचे आभार मानले, अंगणात पेढे वाटले. शमुवेलरावांनी आपला पेढा तसाच रुमालात बांधून ठेवला. ज्याबद्दल आज आभार मानतोय, त्याचपायी आपण भावाला भर मंडळीत उघडं पाडलं! ते लालबागला रामजीच्या चाळीत गेले. मालन म्हणाली, "दादा, चारचौघांत बोट दाखवलंत, आता काय ते चारचौघांतच सांगा."

"येत्या रविवारी सांगतो," ते म्हणाले.

रविवारी रामजी आला, इस्त्रीचा सदरा घालून. शमुवेलराव उभे राहिले, खाकरले आणि गायकांच्या सरावाची वेळ सांगून खाली बसले. मेला तो मान! उभ्या जन्मात कधी "चुकलो" म्हटलं नव्हतं, जीभ वळणार कशी? पुढच्या रविवारी तीच गत. रामजी बिचारा येत राहिला, ऐकायला. मग यायचा थांबला.

बाक रिकामं दिसलं तेव्हा कुठे शमुवेलरावांची जीभ सुटली. "तो राजा रामजी नव्हता, मी होतो," असं त्यांनी ढसाढसा रडत सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाहेर पडताना जो तो त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "काय नम्रता, शमुवेलराव! वा!" म्हणजे इथंही वाहवाच. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसेच तडक ते लालबागला गेले. रामजी चटईवर जेवत होता. लहानपणी दोघं अशाच चटईवर एका ताटात जेवायचे. भावाला पाहून रामजीनं हात धुतला, शेजाऱ्यांकडून खुर्ची मागून आणली, पुसली आणि मांडली. चाळीत मुकादम आला की मांडतात तशी.

"रामजी, आज सांगितलं रे मी. सगळ्यांसमोर."

"कळलं दादा. बरं झालं."

"तू नव्हतास."

"आलो होतो की. पुष्कळदा."

शमुवेलरावांना भडभडून आलं. ते खुर्चीवरून उतरून चटईवर बसायला वाकले. रामजीनं त्यांचा दंड धरून त्यांना अगदी हलक्या हातानं परत वर बसवलं.

"राहू दे दादा, कपडे मळतील. मालन, चहा टाक गं. दादाला जायचं असेल."