किशोरदादांचं उघडं शेल

"साहेब, बंद करू नोका!" रश्मी ओरडलीच. रामरावांचा हात माऊसवर थबकला.

"अवं, दुपारून लाइन जाऊन राह्यली. रातपर्यंत येत नाही म्हनते. इन्व्हर्टर किती वेळ टिकन?"

राजापेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसचे रामराव मालक. संत्र्याच्या बागेचा ताण कधी तोडायचा, म्हणजे पाण्यावाचून ठेवलेल्या झाडांना नेमकं केव्हा पाणी द्यायचं, हे मोर्शीकडच्या बागायतदारांना इथून रोज मोबाइलवर कळवलं जाई. पाण्याची घाई झाली, की वर्षाचा बहर हातचा गेला.

"प्रोग्राम फाइलीत हाय ना?"

"फाइलीतला जुना हाय. दादायचा खरा नियम फक्त ह्या शेलात हाय."

हा प्रोग्राम लिहिणारे किशोरदादा कामाला वाघ, पण त्यांची एक खोड वाईट. प्रोग्राम लिहायच्या एडिटरच्या वरच्या भागात फाइल, खालच्या भागात शेल. शेलात सूचना टाइप केली, की उत्तर हजर. आणि एकदा सांगितलेलं ते बंद होईपर्यंत विसरत नाही. दादा बागेतून आले, की नियम थेट खालीच सुधारायचे. "वर मंग टाकतो," म्हणायचे. खाली टाइप केलेलं पुसून पडदा लख्ख ठेवायचीही त्यांना हौस, त्यामुळे नियम वाचायला कुठंच उरला नव्हता. गेल्या महिन्यात परतवाड्याच्या रस्त्यावर त्यांची मोटरसायकल ट्रकखाली आली, दादा गेले आणि ते 'मंग' राहूनच गेलं. तेव्हापासून रश्मी त्याच शेलातून निरोप पाठवत होती. आज बंद करायच्या आधी तिनं फाइल दुसऱ्या शेलात चालवून पाहिली, तर कित्येक बागांची उत्तरं वेगळी.

तेवढ्यात बागायतदार नत्थुजींचा फोन. "बाई, शेजाऱ्यायनं पानी सोडलं. मीच काहून थांबू? आज काय ते सांगा."

फाइल म्हणत होती, सोडा. दादांचं शेल म्हणत होतं, थांबा.

"काकाजी, दुपारपर्यंत मोटर चालू करू नोका. मी सोता फोन करतो."

ती बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दादांच्या शेलाला विचारायचं. हलकी जमीन. खोल काळी. नवी झाडं, जुनी झाडं. उत्तर आलं, की नियम फाइलीत लिहायचा, दुसऱ्या शेलात चालवायचा, ताडून पाहायचा. चुकलं, की पुन्हा. रामरावांनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. शेलाला विचारलं, की जणू दादाच लगेच उत्तर देत होते, आणि त्याचंच तिला रडू येत होतं. तरी हात थांबले नाहीत.

खोल काळ्या जमिनीवर गाडी अडली, उत्तरं जुळेनात. मग तिनं पानगळीचा आकडा थोडाथोडा वाढवला. निम्मी पानं गळाल्यावर 'थांबा'चं 'सोडा' झालं. हेच ते! फाइलीतला जुना नियम तारीख बघत होता, दादा झाडाकडे बघत होते.

तिनं तेही लिहिलं. साऱ्या बागांचे आकडे पुन्हा चालवले. एकही उत्तर वेगळं आलं नाही. तिनं नत्थुजींना फोन लावला.

"काकाजी, थांबा. पानं अजून गळू द्या."

"किशोर बी असंच म्हने," नत्थुजी म्हणाले. "थांबतो मंग."

रामराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "आता राहू दे तसंच. लाइन गेली, की जाईन आपोआप बंद."

"नाही साहेब."

तिनं ओढणी सारखी केली, खुर्ची पुढे घेतली आणि दादांच्या शेलात स्वतःच्या हातानं 'एक्झिट' टाइप केलं.