बाकीची पाकिटं

रोसारिओ शहरातल्या बास्क लोकांच्या क्लबात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दातांचे डॉक्टर, धान्याचे अडते, विद्यापीठातली निम्मी प्राध्यापक मंडळी, सगळे माना उंच करून टेबलावरच्या एका पाकिटाकडे बघत होते. लाखेनं बंद केलेलं पाकीट, वर नोटरीचा शिक्का. या देशात माणूस सरकारवर, बँकेवर, सख्ख्या भावावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. नोटरीचा शिक्का दिसला की मात्र अक्कल गुंडाळून ठेवतो.

पाकिटाचे धनी माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, फाउस्तीनो यांनी डोळे मिटले. "लेकरांनो, शेअर बाजार म्हणजे जिवंत जनावर आहे. मी त्याची नाडी धरतो. तो माझ्याशी बोलतो."

"कुठल्या भाषेत?" मागे उभी असलेली नोएमी पुटपुटली. शेजारच्या बाईनं तिच्यावर डोळे वटारले.

नोएमी बासाल्दूआ विद्यापीठात वित्तशास्त्र शिकवायची. बाजाराचं भविष्य सांगता येतं का, या एका प्रश्नावर तिची नोकरीतली सारी वर्षं गेली होती, आणि उत्तर निघालं होतं "नाही". आता "नाही" ऐकायला कोण तिकीट काढून येणार? गेल्या वर्षात तर तिचा एकही शोधनिबंध छापून आला नव्हता. बढती हुकली. विभागप्रमुख हसून म्हणाले होते, "बाई, वर्षभर माशा मारल्यात की काय?"

पहिल्या रांगेत तिचे गुरू, निवृत्त प्राध्यापक ओक्तावियो लुपी, पेनाचं टोपण काढून तयार बसले होते. राहतं घर विकून सगळा पैसा माएस्त्रोंच्या हवाली करायचा, असा करार त्यांच्या मांडीवर होता. पाकीट बरोबर निघालं की सही.

दुपारीच नोएमीनं त्यांना विनवलं होतं. "सर, अहो तुम्हीसुद्धा?"

"तीन वर्षं लागोपाठ खरं ठरलंय, पोरी. वर्षाच्या सुरुवातीला भविष्य लिहून नोटरीकडे पाकीट ठेवतात, शेवटी उघडतात. शिक्का खोटा आहे का?"

"शिक्का खरा आहे."

"मग झालं तर!"

उभा जन्म बाजार शिकवण्यात घालवलेला हा माणूस! नोएमीला रडावं की ओरडावं, कळेना झालं होतं.

टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्या नोटरींनी लाख फोडली, चष्मा सावरला आणि वाचलं, "यंदा सगळ्यात जास्त वाढेल तो सान फेर्मिन साखर कंपनीचा शेअर."

वाढला होताच! सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. एका अडत्यानं तर माएस्त्रोंच्या कोटाच्या बाहीचा मुका घेतला. ओक्तावियो सरांनी पेन कागदावर टेकवलं.

"थांबा, सर!" नोएमी गर्दी सारत पुढे आली. "वर्षापूर्वी मीही एक पाकीट नोटरीकडे ठेवलंय. सार्तोरीबाई, उघडा बघू."

दुसऱ्या रांगेतल्या नोटरी सार्तोरीबाई उठल्या. शिक्का, तारीख सगळं दाखवून त्यांनी पाकीट फाडलं. "सान फेर्मिन साखर!"

मग एकच गलका. "हिलाही कळतं!" "माएस्त्रा!" घटकेपूर्वी डोळे वटारणारी बाई आता नोएमीचा हात धरायला धावली. भक्तांनी देव बदलला, आणि तोही एवढ्या झटपट!

"खाली बसा!" नोएमीनं पिशवी टेबलावर उपडी केली. पाकिटांचा ढीग पडला. "हे माझं वर्षभर माशा मारणं. शेअर बाजाराच्या फलकावर वीस कंपन्या. मी वीस नोटरींकडे वीस पाकिटं ठेवली, प्रत्येकात वेगळं नाव. त्यातलं एक बरोबर येणारच, गाढवानं ठेवलं तरी! बरोबर आलेलं तेवढं उघडायचं, बाकीची गुपचूप परत आणायची. दरवर्षी तेच. यात नाडी कुठे आली?"

"हा मत्सर आहे!" माएस्त्रो गरजले. "माझं पाकीट एकच असतं!"

"एकच?" सार्तोरीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग माझ्या तिजोरीत तुमचं पडलंय ते काय? मृत्युपत्र आहे म्हणाला होतात!"

"मृत्युपत्र? अहो, माझ्याकडेही आहे!" मागून आणखी एक नोटरी उठले.

"द्या ना परवानगी, माएस्त्रो," नोएमी म्हणाली. "सगळ्यांसमोर उघडू."

"ते... ते खासगी आहे." बाजाराची नाडी धरणारा हात टोपी शोधू लागला. स्वयंपाकघराच्या दारानं स्वारी पसार झाली.

म्हातारे नोटरी चष्मा पुसत म्हणाले, "मी तारखेची ग्वाही देतो हो, भविष्याची नाही. मला कुणी विचारलंच नाही."

नोएमी सरांजवळ जाऊन बसली. "पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहायचात, सर?"

"फसलेले अंदाज किती, ते आधी विचारा." सर मांडीवरच्या कराराकडे बघत म्हणाले. "विचारलं नाही, पोरी. एकट्या माणसाला इतकी गोड थाप फार दिवसांत कुणी मारली नव्हती. ती खोटी पाडवेना."

तेवढ्यात ती मघाची बाई वाकून कुजबुजली, "मॅडम, ते जाऊ द्या. पुढच्या वर्षी कुठला घ्यायचा, तेवढं सांगा ना!"

नोएमीनं कपाळावर हात मारला. पण सर उठले, आणि तो जुना वर्गातला आवाज साऱ्या सभागृहाला ऐकू गेला.

"बाई, कुणी चमत्कार दाखवला, मग तो बाजाराचा असो की देवाचा, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा. बाकीची पाकिटं कुठे आहेत?"

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कराराचे तुकडे करून नोएमीच्या रिकाम्या पिशवीत टाकले.